पऱ्हाटी सापडत नाही

‘काही सापडले नाही’ हे वाक्य मीच लिहिलेलं होतं. वेबसाइटवर कोणी शब्द शोधला आणि तो मिळाला नाही, तर पडद्यावर काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून मी ते सभ्य मराठीत लिहून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. मग एका बाजाराच्या दिवशी आत्या घाटंजीला आमच्या घरी आली. तिने पिशवी भिंतीला टेकवली, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचनालयाच्या वेबसाइटवर एका बोटाने ‘पऱ्हाटी’ असं टाइप केलं.

“काही सापडले नाही,” तिने मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काय वं, यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी सापडत नाही?”

बाबा इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. आमच्या भागात हा शब्द न उच्चारता दिवस जात नाही. आणि ती वेबसाइट तर पत्रकांची होती. बाबा आणि त्यांचे सोबती विहारामागच्या खोलीत वाचनालय चालवतात. त्यांनी तरुणपणापासून काढलेली सगळी पत्रकं मी घाटंजीच्या डीटीपीवाल्याच्या जुन्या फायलींमधून गोळा करून तिथे चढवली होती. मजुरी, रेशन, शाळा, पाणी, सगळ्यांवरची. त्यांत पऱ्हाटी नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

माझं वाचनच पत्रकांवर सुरू झालं. गुलाबी, पिवळे, पोपटी, पातळ कागद. एका बाजूला ‘बंधू आणि भगिनींनो’ आणि दुसरी बाजू कोरी, तिच्यावर माझी गणितं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘वाचून झाल्यावर दुसऱ्यास द्यावे’ असं असायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच छापील कागदांवर तसं लिहिलेलं असतं. शाळेच्या पुस्तकावर ‘परवानगीशिवाय पुनर्मुद्रण करू नये’ असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, यांना आपलं पुस्तक लोकांनी वाचू नये असं वाटतं का?

पुढे मी यवतमाळला नोकरीला लागले. काम वेबसाइटी बनवायचं आणि त्या ज्या सर्व्हरवर चालतात ते सर्व्हर सांभाळायचं. तिथे मला पुन्हा ते तळाशी छापलेलं वाक्य भेटलं, फक्त वेगळ्या भाषेत. सर्व्हरवर चालणारी लिनक्स ही प्रणाली, पानं पाठवणारा प्रोग्राम, माहिती साठवणारा प्रोग्राम, रोजची नक्कल काढून ठेवणारी आज्ञा, सगळं कोणीतरी लिहून जगासमोर ठेवलेलं. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अट बहुतेक वेळा एकच की ज्याने लिहिलं त्याचं नाव पुसू नका. कामावरच्या बाकीच्यांसाठी ती निव्वळ हत्यारं होती. मला मात्र ती घरची माणसं वाटली.

वाचनालयाची पत्रकं याआधी एका मोठ्या कंपनीच्या पानावर टाकली जात. ते पान फुकट होतं. एक दिवस ते बंद झालं. काय चुकलं, कोणाला विचारायचं, काही कळलं नाही. पानासोबत सगळा मजकूर गेला. मी त्या आठवड्यात बाबांशी कडाक्याने भांडले आणि ठरवलं की आता सर्व्हर आपला, साधनं मोकळी आणि किल्ली आपल्या हातात.

बाबांना ते पटत नव्हतं असं नाही, पण त्यांना शंका होत्या. “कंपनी फुकट देते ते समजते मले. तिले जाहिराती दाखवायच्या असतात. पण हा तुहा कोणत्या मुलखातला माणूस, रातंदिवस बसून लिहिते अन् वाटून देते. त्याले काय भेटते?”

“तुम्ही पत्रकं वाटत फिरत होते, तुम्हाला काय भेटत होतं?”

“शिव्या,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “फुकट म्हणू नको बाप्पा. मोकळं म्हण. फुकटले लोक दोन दिवसांत विसरतात.”

तेव्हापासून मी ‘मोकळी साधनं’ म्हणते.

पण त्या मोकळ्या साधनांनी उभी केलेली माझी वेबसाइट आता आत्याला सांगत होती की पऱ्हाटी सापडत नाही. आणि आत्याला गंमत म्हणून शोधायचं नव्हतं. तिला एक पत्रक हवं होतं.

ते पत्रक तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मामाजींनी लिहिलं होतं. मामाजी आता नाहीत. कापूस वेचायला गेलेल्या बायांना वावरात पाणी कसं देतात, यावर ते होतं. माठ मालकाचा. आमच्या वस्तीतल्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. ओंजळ धरायची, आणि मालकाकडचं कोणीतरी वरून ओतणार. त्या पत्रकाची छापील प्रत कोणाकडेच उरली नव्हती, पण त्यातलं एक वाक्य मात्र उरलं होतं. अजूनही आमच्या सभांमध्ये कोणी ना कोणी ते म्हणतं: ‘आमचा हात पऱ्हाटीले चालते, मग माठाले काहून चालत नाही?’

लोक ते मामाजींचं वाक्य म्हणून सांगतात.

“ते वाक्य माहं हाय,” आत्या म्हणाली.

“बाई, भाऊजीच्या तोंडून मी सोता ऐकलं हाय सभेत,” बाबा म्हणाले. आत्या त्यांची मोठी बहीण. ते तिला बाई म्हणतात.

“त्यायच्या तोंडून ऐकलं अशीन. त्यायच्या तोंडात कोणं टाकलं?”

आत्या सांगत गेली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, माठ होता, ऊन लागलं होतं, ओतणारी पोरगी कुठेतरी गेली होती आणि मालक यायची वाट बघत बाया उभ्या होत्या. तेव्हा ती हे बोलली. मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यांनी ते लिहून काढलं.

“अन् पाम्प्लेटात तसं छापलं होतं, कोणं म्हणलं ते. म्या पाह्यलं हाय. मांगच्या महिन्यात विहारात बायायची सभा होती. एक शिकेल पोरगी भाषण करून राह्यली होती. म्हणे, आमच्या थोर कार्यकर्त्याच्या शब्दांत सांगायचं तर. अन् माहंच वाक्य माह्याच समोर म्हणलं. मी पहिल्या रांगेत बसेल! मी म्हणलं, बाई, ते मी बोलली होती. तं सारे हसले. माही सून बी हसली.”

हे सांगताना ती स्वतःही हसत होती, पण मोबाइल धरलेला हात मांडीवर आपटत होती. मला कळलं की तिला मामाजींची आठवण म्हणून कागद नको आहे. तिला साक्षीदार हवा आहे.

“नसलं तं नसलं,” बाबा म्हणाले. “किती पत्रकं गेली. वाळवीनं खाल्ली.”

“असं कसं नसलं? तुही पोरगी म्हणते सारे टाकले.”

मी लॅपटॉप उघडला आणि तिला दाखवायला म्हणून एक कुठलंतरी पत्रक काढलं. मजुरीवरचं. दुसऱ्याच ओळीत तो शब्द होता. आत्याने पडद्यावर बोट ठेवलं.

“मंग हे काय हाय?”

पऱ्हाटी. काळ्या अक्षरात, सगळ्यांसमोर.

मी थेट सर्व्हरवर गेले. तिथे ग्रेप नावाची एक जुनी, छोटी आज्ञा असते. तिला शब्द द्यायचा आणि फायली दाखवायच्या. तो शब्द जिथे जिथे असेल त्या ओळी ती समोर मांडते. तिच्यावर माझा माणसांपेक्षा जास्त विश्वास. मी पऱ्हाटी टाइप केलं. काही नाही. कोरी ओळ. मग हट्टाने पत्रकातला तोच शब्द माउसने उचलला आणि तिथे आणून चिकटवला. ओळींमागून ओळी धावत आल्या.

दोन्ही पऱ्हाटी एकाखाली एक दिसत होत्या. मी, आत्या आणि बाबा तिघेही वाकून बघत होतो. काना, मात्रा, वेलांटी, कशात फरक नव्हता.

“एक बीटी असन,” बाबा म्हणाले.

कळायला थोडा वेळ लागला. जुनी पत्रकं घाटंजीच्या डीटीपीवाल्याने ज्या पद्धतीने टाइप केली होती, त्यात मराठी अक्षरं म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे होते. त्याच्याकडचा खास फॉन्ट नसला की सगळा मजकूर कचरा दिसायचा. म्हणून मी एक मोकळा प्रोग्राम वापरला होता, जो तो कचरा आजच्या मराठी अक्षरांमध्ये बदलतो. लिहिणारा कोण, कुठला, मला माहीत नव्हतं. त्याने आमची कितीतरी वर्षांची पत्रकं वाचवली होती. फक्त एक गोष्ट त्याने वेगळी केली होती. पऱ्हाटीतला, वऱ्हाडातला, शेतकऱ्यातला, दुसऱ्यातला तो अर्धा, आडवा र. तो संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. मोबाइलवर आपण टाइप करतो तेव्हा त्याच्यासाठी एक स्वतंत्र अक्षर वापरलं जातं. त्या प्रोग्रामने मात्र साधा र घेतला होता आणि त्याच्या पाठीशी एक खूण ठेवली होती. ती खूण जोडाक्षराचं रूप ठरवते, पण स्वतः दिसत नाही. तिला रुंदी नाही. अक्षरांमागचे आकडे दाखवणारं एक साधन आहे, त्यातून बघितलं तेव्हाच ती दिसली.

मी आत्याला म्हटलं, “मधे एक अक्षर आहे, पण ते जागा घेत नाही.”

“दिसत नाही, जागा घेत नाही, अन् त्याच्याबिगर शब्द बनत नाही,” आत्या म्हणाली. “वावरातल्या बाईवानी.”

बसची वेळ झाली म्हणून आत्या पत्रक न शोधताच गेली, आणि मी त्या संध्याकाळी पेटले. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला राग आला की तो लिहायलाच बसतो. त्या प्रोग्रामच्या पानावर चुका कळवायची सोय असते. तिथे मी इंग्रजीत लांबलचक लिहिलं. की हा र आमच्या भाषेचा कणा आहे, तो नीट लिहिला नाही म्हणून आमच्या जिल्ह्याचं पीक हरवलं आहे, आमचा प्रांत हरवला आहे, भाषांचं काम करणाऱ्यांनी आधी भाषा बोलणाऱ्यांना विचारावं. हे असं लिहिणं योग्य नाही, ते बदला. अजूनही मला त्यातली काही वाक्यं आवडतात.

उत्तर प्रोग्राम लिहिणाऱ्याचं आलं नाही. आलं ते नेपाळमधल्या एका माणसाचं. त्याने नम्रपणे लिहिलं होतं की नेपाळीतही हा आडवा र आहे, रोजच्या क्रियापदांमध्ये आहे, आणि त्यांच्याकडे तो त्या न दिसणाऱ्या खुणेनेच लिहिण्याची रीत आहे. तुम्ही म्हणता तसं बदललं, तर तुमचे शब्द सापडतील आणि आमचे हरवतील.

मी ते दोनदा वाचलं. आपली बाजू न्यायाची आहे याची मला इतकी खात्री होती, की दुसऱ्या बाजूलाही आपल्यासारखंच कोणीतरी, आपलाच र घेऊन उभं असेल हे सुचलंच नव्हतं. पत्रकात समोरची बाजू नेहमी माठाच्या मालकाची असते. इथे तर समोरही ओंजळच होती. राग कुठे ठेवावा ते मला कळेना. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आता आली खरी चळवळ. विरोधकासंग सारेच भांडतात.”

मग त्या नेपाळच्या माणसाने आणि मी मिळून मार्ग काढला. लिहिलेलं बदलायचं नाही. ज्याने जसं लिहिलं तसं राहू द्यायचं. शोधणाऱ्या यंत्राला शिकवायचं की हे दोन्ही र एकच आहेत, कोणत्याही दाराने आलं तरी आत घ्यायचं. एवढ्याशा ओळी झाल्या. त्या मी माझ्या वेबसाइटवर बसवल्या आणि त्या प्रोग्रामसोबत वाटायलाही पाठवून दिल्या. प्रोग्राम लिहिणाऱ्याने अखेर त्या स्वीकारल्या. उत्तरात एकच शब्द होता: धन्यवाद. पण नोंदीत, त्या ओळींच्या पुढे, माझं पूर्ण नाव आलं. कोणी मागितलं नव्हतं. तो रिवाजच आहे. मला आनंद झाला, आणि लगेच आत्या आठवली. माझ्या चार ओळी कोणाच्या, हे जगातल्या कोणालाही कळू शकत होतं. तिचं वाक्य सगळ्या तालुक्यात फिरून आलं होतं आणि तिचं म्हणणं तिच्या सुनेलाही खरं वाटत नव्हतं.

मी तिला फोन करून बोलावलं. पुढच्या बाजाराला ती आली, तेव्हा मी मुद्दाम आधी शोधून ठेवलं नव्हतं. तो हक्क तिचा होता.

तिने पुन्हा मोबाइलवर टाइप केलं. या वेळी यादी आली, लांब. आत्या ती बोटाने खाली सरकवत गेली, आणि माठ हा शब्द दिसल्यावर थांबली.

“वाच बाबू,” ती बाबांना म्हणाली. “मोठ्यानं वाच.”

बाबांनी चष्मा चढवला. सभेत वाचतात तसंच वाचायला लागले, मानेला झटका देऊन. बंधू आणि भगिनींनो. मग पाण्याची हकिगत आली, धुऱ्यावरचा माठ, ऊन, वाट बघणाऱ्या बाया. आणि मग: “तेव्हा एका वेचणाऱ्या बाईने विचारले, आमचा हात पऱ्हाटीले चालते, मग माठाले काहून चालत नाही?”

बाबा थांबले.

“एका वेचणाऱ्या बाईने,” ते हळूच पुन्हा म्हणाले.

“हाव. एक बाई,” आत्या म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती. “स्टीलच्या डब्यायवर माहं नाव कोरून आणत होते ते. गडवा घेतला तं त्याच्यावर नाव. अन् कागदावर एक बाई.”

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. मला मात्र मामाजींचा राग आला. इतकी वर्षं त्यांच्या नावाने टाळ्या पडल्या, आणि एकदाही त्यांनी सभेत सांगितलं नाही का? मी तसं बोलले. माझा आवाज चढला असावा.

“ए पोरी,” बाबा म्हणाले, “तवा नाव छापलं असतं, तं दुसऱ्या दिवशी हिले वेचाले कोणं बलावलं असतं? तुले काय माहीत. भाऊजीनं स्वताचं नाव खाली टाकलं, हिचं झाकलं. ज्याच्या नावानं भांडण येईन त्याचं नाव खाली.”

हे मला खरंच माहीत नव्हतं. पत्रकाच्या तळाशी नाव म्हणजे मान, एवढंच मी समजत आले होते. ती जबाबदारीही होती, मार खायची. मोकळ्या साधनांच्या जगात नाव लिहिल्याने कोणाची मजुरी बुडत नाही, म्हणून तिथे ते इतकं सोपं आहे.

आत्याने मान हलवली. “ते बी खरं हाय त्याचं. तवा नसन टाकलं, बरं केलं.” मग ती माझ्याकडे वळली. “पण आता मले कोण कामाले बलावते वं? गुडघे गेले माहे. आता टाक.”

मी लगेच मजकूर उघडला. ‘एका वेचणाऱ्या बाईने’ हे शब्द खोडून तिथे तिचं नाव घालायला निघाले, तर तिने माझं मनगट धरलं.

“त्यायचं लिहेल खोडू नको. खाली लिही.”

“काय लिहू?”

तिने आधी पदर सारखा केला, जणू कोणी फोटो काढणार होतं. “लिही. वरच्या कागदात जे एक बाई म्हणलं हाय, ते मी. माहं नाव टाक. त्याच्यापुढं कापूस वेचणारी, असं टाक.”

मी तसंच लिहिलं. जतन करताना गिट नावाचं जे साधन प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, त्याने सवयीने माझं नाव घातलं, कारण टाइप मी केलं होतं. तेव्हा मला आठवलं की त्यात दोन नावांची सोय असते. एक लिहिणाऱ्याचं, एक नोंदवणाऱ्याचं. कोणीतरी, कुठल्यातरी देशात, विचार करून ठेवला होता की बोलणारा आणि कागदावर उतरवणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. मी ते आत्याला समजावून सांगितलं. लिहिणारी म्हणून तिचं नाव घातलं, नोंदवणारी म्हणून माझं.

“म्हणजे तवा नोंदवणारे ते होते,” आत्या म्हणाली.

“हो.”

बाबा मागे उभे राहून सगळं वाचत होते. तळाची ओळ वाचून त्यांनी घसा साफ केला.

“बाई, नुसतं तुहं नाव बरं दिसत नाही. भाऊजीचं नाव टाकलं पाहिजे मधात. साऱ्या बायायचं तसंच असते.”

आत्या पिशवी उचलून उभी राहिली होती. बसची वेळ झाली होती.

“मधात कायले?” ती म्हणाली. “त्यायचं वर हायच की.”